निकालाच्या दिवशीचा भोंगा

निकालाच्या दिवशी टीव्हीवर सुरुवातीला ते टायटल फिरतं ना, ढ्यांग-ढ्यांग वाजत, नकाशा गरागरा फिरतो, त्यातून सोनेरी अक्षरं उडत बाहेर येतात, ते कोणीतरी बसून बनवलेलं असतं याचा विचार तुम्ही जन्मात केला नसेल. कशाला कराल? आपण तेवढ्यात पाणी पिऊन येतो. आरमोरीच्या गोपालभाऊंच्या 'झाडी वार्ता' चॅनलवर मात्र ते टायटल चंदन बनवायचा. चित्र त्याचं, बाजाही त्याचाच. आणि या पठ्ठ्याला त्याचं एवढं कौतुक की लोकांनी बातम्या नाही पाहिल्या तरी चालेल, टायटल पाहिलं पाहिजे.

चंदन मूळचा कोसमटोल्याचा. आरमोरीहून फटफटीवर पाऊण तासाचा रस्ता, पुढं जंगलच. हिवाळाभर नाटक मंडळीत ऑक्टोपॅड बडवायचा. कोणत्या प्रवेशाला बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं आणि खलनायक आला की कुठं थाप मारायची, हे त्याच्या बोटांत होतं. मग तो कॉम्प्युटर शिकला आणि गोपालभाऊंकडे चिकटला. गोपालभाऊ म्हणजे केबलवाले. बाजाराच्या वर त्यांच्या दोन खोल्या, तिथून तार निघायची ती पार खेड्यापाड्यांत जायची, आणि त्यातलं एक चॅनल त्यांचं स्वतःचं.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली तेव्हा भाऊंनी चंदनला समोर बसवलं.

"हे पाय चंदन, मुंबईवाल्यांसारखं ढ्यांग-ढ्यांग मले नोको. आपल्या मान्साच्या काळजात धस्स झालं पायजे. बाजा वाजला का हातातलं काम पडलं पायजे."

चंदननं ढोल लावून पाहिला. मग क्लॅरिनेट. मग वैनगंगेच्या पुलावरून जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न. भाऊ प्रत्येक वेळी नाक मुरडत. "हे तं लगनातलं वाटते बे." चार दिवस डोकं आपटल्यावर चंदन एका संध्याकाळी गावी गेला होता, आणि जेवता जेवता गावाचा भोंगा वाजला.

हा भोंगा काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोसमटोल्याच्या शिवारात, जंगलाच्या अंगाला, खांबावर कॅमेरे बसवलेत. कॅमेऱ्याला वाघ दिसला की खांबावरचा भोंगा आपोआप बोंबलतो. लांब, चढत जाणारा, पोटात गोळा आणणारा आवाज. तो वाजला की गावाची रीत ठरलेली. असेल त्यानं असेल ते टाकून बाहेर यायचं, थाळ्या, पिपे, डबे बडवायचे, घोळक्यानं शिवाराकडे जायचं आणि बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, वाकलेल्या माणसांना मधे घेऊन परत आणायचं. एकट्यानं कोणी पळायचं नाही. दोन वर्षांत त्या भोंग्यानं आणि त्या थाळ्यांनी किती जीव वाचवले ते गावाला विचारा.

त्या दिवशीही गाव बाहेर आलं. चंदनही आला. पण सगळ्यांच्या हातात थाळ्या आणि याच्या हातात मोबाइल. लेकाचा आवाज रेकॉर्ड करत होता!

दुसऱ्या दिवशी त्यानं तो भोंगा ऑक्टोपॅडच्या थापेखाली बसवला. स्वर थोडा खाली उतरवला, म्हणजे अगदी हुबेहूब नको. वर चित्र असं, की काळोख्या रानातून जिल्ह्याचा नकाशा उजळत येतो, मतदान यंत्राचं बटण दाबलं जातं, आणि भोंगा चढत-चढत जाऊन 'निकाल' हा शब्द येऊन आदळतो. बातम्या वाचणाऱ्या मंजुषानं ते पाहिलं आणि दंडावरून हात फिरवला. "चंदन, माह्या तं अंगावर काटा आला रे." गोपालभाऊंनी तर खुर्चीतून उठून त्याची पाठ थोपटली. "हर फेरीले हेच वाजवाचं. पुरं. कापाचं नाई."

कोणाच्या मनात आलं नाही का, की बाबा हे कोसमटोल्यातही वाजणार आहे? नाही आलं. चंदनच्याच नाही आलं तर बाकीच्यांच्या कुठून येईल? ज्याच्या घरापासून भोंगा हाकेवर, त्यालाच तो आता नुसता बाजा वाटू लागला होता. आपलं कौतुक चढलं की माणसाचे कान असेच बंद होतात.

मतमोजणीच्या दिवशी धानाची कापणी ऐन भरात होती. पण कोसमटोल्याचं अर्धं गाव चौकात, कारण उभी होती ती गावचीच सून, अन्नपूर्णाबाई. ग्रामपंचायतीसमोर मोठा पडदा लागला, केबलचा डबा डीजेच्या उभ्या पेट्यांना जोडला, पोरांनी गुलाल आणून ठेवला. उरलेलं अर्धं गाव बांध्यांत, कारण धान काही निकालाची वाट पाहत नाही. त्यात चंदनची माय गुणाबाई. सकाळी फोनवर चंदन तिला म्हणाला होता, "माय, आज बाजा आयकजो. माहा हाय."

"तुले घरी येऊन भाकर खाले वेळ नाई अन् बाजा आयकजो म्हणते," ती म्हणाली. पण खुश होती, आवाजावरून कळत होतं.

पहिल्या फेरीचं टायटल वाजलं आणि थोड्या वेळानं चंदनचा फोन वाजला. वारलू होता. वारलू त्याचा लहानपणचा दोस्त, आता गावच्या वाघ-पथकात. काठी, शिटी आणि खाकी टोपी घेऊन शिवारात फिरणं हे त्याचं काम. तो हसून हसून बेजार.

"अबे लेका, काय वाजवलं बे तू! अर्धं शिवार धावत आलं ना गावात. तुह्यी मायबी आली, ईळा हातात धरून. चौकात पायते तं पडद्यावर नकाशा!"

चंदनही खो-खो हसला. मंजुषाला सांगितलं, भाऊंना सांगितलं. भाऊ म्हणाले, "पायलं? याले म्हणते इफेक्ट."

दुसऱ्या फेरीला शिवारातली थोडी माणसं धावली. तिसऱ्या फेरीला एकजण बांधावर उभा राहून शिव्या देऊन पुन्हा वाकला. चौथ्या फेरीला कोणी मान वर केली नाही. हे वारलूनंच पुन्हा फोन करून सांगितलं. पण या वेळी तो हसत नव्हता.

"चंदन, हे बरं नाई होऊन राह्यलं. बंद कर ते."

चंदन उठून भाऊंकडे गेला. भाऊ एका हातानं फोन धरून, दुसऱ्या हातानं आकडे लिहून मंजुषाला काचेतून दाखवत होते. अन्नपूर्णाबाई आणि पलीकडच्या गावची बाई, दोघी अगदी घासून चालल्या होत्या. एका फेरीत ही पुढं, एका फेरीत ती.

"भाऊ, ते टायटल बदलाव लागते. गावातले लोक आता खऱ्या भोंग्यालेबी नाई धावनार."

"आता? येडा झाला का बे?" भाऊंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "दोन फेऱ्या राह्यल्या. सारा तालुका आपलं चॅनल लावून बसला आन् तू बाजा बदलतो? बस जागेवर."

आणि चंदन बसला. काय म्हणावं? नोकरी होती, भाऊंची भीती होती, आणि खरं सांगायचं तर आपला बाजा कापायचं त्याच्याही जिवावर आलं होतं. पाचव्या फेरीला त्यानं स्वतःच्या हातानं बटण दाबलं. नकाशा उजळला, भोंगा चढला.

टायटल संपलं. मंजुषा आकडे वाचू लागली. आणि फोन पुन्हा वाजला.

"चंदन!" वारलू धापा टाकत होता. मागं भोंगा वाजत होता. "चंदन, खरा वाजून राह्यला! कॅमेऱ्यानं पकडलं. मी पायलं त्याले माह्या डोयानं, नाल्यातून वर चढला, तुरीत घुसला. तुमच्या बांधीच्या धुऱ्यावरची तूर!"

"माय कुठी हाय?"

"बांधीतच हाय! बाकीचे दूर हायेत, ती एकटी नाल्याच्या अंगाले. मी पल्याड हावो बे, दोघंच हावो आमी, मधात नाला. बोंबलून राह्यलो, शिटी मारून राह्यलो, त्या भोंग्यात आमचं काई जाऊन नाई राह्यलं तिच्यापर्यंत. आन् गावातून एक मानूस नाई निघालं! चौकातल्या पोरांले फोन लावला, कोणी उचलत नाई."

"मायले फोन लाव!"

"लावला ना बाप्पा. घरी ठेवला असन तिनं."

गावात फटफटीनं पोचायचं तर सगळं होऊन गेलेलं असेल. चंदन काचेचं दार ढकलून आत घुसला. कॅमेरा चालू होता, मंजुषा बोलत होती, तरी घुसला. तिच्या कानाशी वाकून त्यानं सांगितलं. मंजुषा जाणती बाई, एका शब्दानं कळलं तिला. हातातला आकड्यांचा कागद खाली ठेवून ती थेट म्हणाली, "कोसमटोल्याच्या गावकऱ्यांनो, नीट ऐका. तुमच्या गावात आत्ता वाजत असलेला भोंगा खरा आहे. शिवारात वाघ आहे. ताबडतोब बाहेर पडा." पुन्हा एकदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज कापत होता.

चंदननं फोन कानाला घट्ट लावला. "वारलू, निघाले का?"

"नाई बे! अन्नपूर्णाबाई पुढं गेली वाटते, गावात नुसता कल्ला उठला. कोण आयकते!"

गुलाल उडत असताना बातमीदारीण काय बोलते ते कोण ऐकतं? पेट्यांतून तिचा आवाज येतच असेल, पण पोरं नाचत असतील. आणि भोंगा? भोंगा तर सकाळपासून वाजतच होता की. चंदनला ते सगळं बसल्या जागी दिसलं. आपण काय करून ठेवलं तेही दिसलं. गावानं दोन वर्षं जिवाशी जपलेला तो आवाज यानं एका सकाळीत फुकट घालवला होता. आता जगातला कोणताच आवाज त्या गावाला उठवणार नव्हता.

आवाज नाही उठवणार, बरोबर. मग?

मग त्याला आठवलं ते केबलच्या धंद्यातलं रोजचं रडगाणं. केबल गेली की काय होतं? मॅच चालू असो, मालिका चालू असो, पडदा निळा झाला की घरात कोणी बसत नाही. सगळं गाव रस्त्यावर येतं. "तुह्यी बी गेली का?" "माह्यीच गेली का सगळ्यांयची गेली?" जो तो दारात येऊन वर तारेकडे पाहतो, शेजाऱ्याला हाक मारतो, आणि मग गोपालभाऊंच्या फोनवर शिव्यांचा पाऊस पडतो. पंचवीस वेळा ऐकलं होतं त्यानं ते.

तो मागच्या खोलीकडे पळाला. तिथं यंत्रं होती, हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि गावांकडे जाणारी मुख्य तार तिथूनच निघत होती. एका गावाची वेगळी करायला वेळ नव्हता आणि ती कोणती हेही त्याला धड माहीत नव्हतं. त्यानं मुख्य तारच उपसली. एका झटक्यात. सारा तालुका निळा झाला.

"अबे कोण मेला तिकडं?" भाऊ धावत आले. चंदनच्या हातात ती तार पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. "शेवटची फेरी हाय भडव्या! शेवटची! लाव ते वापस!"

"नाई लावत."

भाऊंनी खाडकन त्याच्या कानशिलात भडकावली. चंदन हलला नाही. तार छातीशी धरून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, दुसऱ्या हातानं फोन कानाला. भाऊंनी तार ओढायला हात घातला तशी मंजुषा मधे आली. कानातलं यंत्र अजून तसंच लोंबत होतं.

"भाऊ, त्याची माय हाय तिथी. थांबा. तुमाले हात जोडले, जराक थांबा."

भाऊ थांबले. वाईट माणूस नव्हता हो तो. पण निकालाच्या दिवशी कोणाचं डोकं ठिकाणावर असतं? टेबलावरचे त्यांचे दोन्ही फोन एकदम वाजू लागले, शिव्यांची पहिली खेप आली असणार. त्यांनी एकही उचलला नाही.

चंदन ऐकत होता. फोनमध्ये नुसता भोंगा. चढतोय, उतरतोय, पुन्हा चढतोय. मागं डीजेचा जो दणका इतका वेळ होता तो थांबला होता. गाव गप्प झालं होतं. आता येतील बाहेर, आता वर तारेकडे पाहतील, आता एकमेकांना विचारतील. अरे पहा ना पटकन, टीव्ही बंद आहे ना तुमचा, मग हे काय वाजतंय? ऐका ना रे बाबांनो! मंजुषानं त्याचा दंड धरला होता.

मग फार लांबून, भोंग्याच्या मागून, एक थाळी वाजली. मग दुसरी. मग एकदम डबे, पिपे, बायांची आरोळी, असा कालवा उठला की फोन फाटतोय असं वाटलं.

"निघाले बे! निघाले!" वारलू किंचाळला. "तूर हालली, तूर हालली! इकडंच येते!" आणि फोन बंद पडला.

चंदननं पुन्हा लावला. लागेना. त्यानं तार भाऊंच्या हातात दिली आणि जिना उतरून पळत सुटला. मागून भाऊ काय ओरडले ते त्यानं ऐकलं नाही. फटफटी त्यानं कशी हाणली ते त्याचं त्याला माहीत. रस्त्यात डांबर संपून मुरूम लागला, एकदा पडता पडता वाचला, आणि सगळा वेळ तोंडात एकच, माय वाचव, माय वाचव. कोणाला म्हणत होता कोण जाणे. देवाला की गावाला.

गावात चिटपाखरू नव्हतं. चौकात पडदा पुन्हा चालू झाला होता आणि रिकाम्या खुर्च्यांना कोण निवडून आलं ते सांगत होता. चंदननं तिकडे पाहिलंही नाही. त्यानं फटफटी शिवारात घातली.

नाल्याकाठी सारं गाव जमलं होतं. थाळ्या होत्या, काठ्या होत्या, गुलालानं लाल झालेली पोरं होती. गर्दी पाहून त्यानं फटफटी तिथंच सोडली. इतकी माणसं एका जागी गोल करून उभी असली की मधे काय असतं ते त्यानं आधी एकदा पाहिलेलं होतं. वारलू चिखलानं माखलेला पुढं आला. "वापस गेला तो," एवढंच म्हणाला. "नाला वलांडून, आमच्या बाजूनं."

चंदननं माणसं बाजूला सारली.

माय धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या बांधावर, बसली होती. लुगडं खोचलेलं, ईळा मांडीशी, आणि कोणीतरी दिलेला पाण्याचा गडवा दोन्ही हातांत धरलेला. अंगावर ओरखडा नव्हता. तिच्यामागं, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर, ओल्या चिखलात पंजे उमटले होते. पसरलेल्या तळहाताएवढे, ताजे, पाणी अजून झिरपत होतं त्यांत. तिनं ते पाहिले होते की नाही कोण जाणे. गावानं पाहिले होते, पण तिला कोणी सांगितलं नव्हतं; निकालाचा गुलाल घेऊनच गाव थाळ्या वाजवत आलं असं ती धरून बसली होती.

"माय!" तो तिच्यासमोर गुडघ्यांवर आपटला. "तू पळाली काऊन नाई? भोंगा आयकू नाई आला का तुले?"

"आला ना बावा, काऊन नाई येणार?" माय म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, पण तोंडावर हसू होतं. "सकाळी दोनखेप धावली मी, मंग वारलू म्हणे, काकू, हा तं चंदनचा बाजा. तवापासून वाजला का मी ईळा खाली ठेवो अन् कान देऊन आयको. आता तं लय वेळ वाजला. मी म्हटलं, पोराचं नाव झालं वाटते, आज जास्त वेळ देल्ला त्याले. मंग धुऱ्यावर बसूनच आयकलं. डोये मिटून."

एका बाईनं पदर तोंडात धरला.

"तो माहा नव्हता माय," चंदन म्हणाला. "तो खरा होता."

मायनं त्याच्याकडे पाहिलं. मग आजूबाजूच्या माणसांकडे, त्यांच्या हातातल्या थाळ्यांकडे. तिला हळूहळू उमगत गेलं तसा हातातला गडवा कलून पाणी लुगड्यावर सांडलं.

"सारखेच तं वाजत होते रे दोनीबी," ती शेवटी म्हणाली. "मंग तुहा कोणता होता?"

चंदन तिच्या मांडीत तोंड खुपसून लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. सारं गाव पाहत होतं, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.